दर रविवारी गॅप

आमच्या पेणच्या घरामागे सासऱ्यांची भाताची वखार आहे. पत्र्याची, उंच, तिन्ही बाजूंनी वारा खेळणारी. भात आणि वाल साठवायचे दिवस संपले तशी ती रिकामी पडली, आणि तेव्हापासून ती माझ्या मनात होती. मी माहेरची हमरापूरची. गणपतीचे डोळे काढायचं काम करते, त्याला आम्ही आखणी म्हणतो. मूर्ती दुसऱ्याची, रंग दुसऱ्याचा, कारखाना दुसऱ्याचा. मी जायचं, डोळे आखायचे, कुंचला धुवायचा आणि घरी यायचं. मला माझा स्वतःचा कारखाना हवा होता. मोठा नको. कच्च्या मूर्ती आणायच्या, आपल्या फळ्यांवर मांडायच्या आणि रंगाच्या पहिल्या पांढऱ्या हातापासून डोळ्यांपर्यंत सगळं आपण करायचं. त्याला लागते जागा. जागा होती, पण तिच्यात नवऱ्याची गाडी होती.

गाडी म्हणजे एक जुनी, चौकोनी, पेट्रोलवर चालणारी वस्तू. घेतली तेव्हा बरी चालायची, बाजारात जायची, लग्नाकार्याला जायची. पण बऱ्या चालणाऱ्या वस्तूकडे बघून आमच्या ह्यांना करमत नाही. मोबाईलवर कुणा परदेशी माणसाने आपल्या गाडीला सुपरचार्जर बसवलेला नवऱ्याने पाहिला आणि आमच्या घराची साडेसाती सुरू झाली.

सुपरचार्जर म्हणजे काय हे मी नीट सांगू शकते. मला ते जेवताना, भांडी घासताना, एकदा तर अंगात ताप असताना ऐकवलं गेलेलं आहे. इंजिनाच्या पट्ट्यावर फिरणारा तो एक पंप. इंजिनाच्या घशात तो जास्तीची हवा कोंबतो. जास्त हवा, जास्त पेट्रोल, जास्त जोर. पेणच्या बाजारात एक गाय आडवी बसली की अख्खी पेठ थांबते, तिथे हा जोर घेऊन जायचं कुठे, असं मी विचारलं होतं. नवऱ्याने माझ्याकडे दयेने पाहिलं. एखाद्या अडाण्याकडे बघावं तसं.

पावसाळाभर तो पंप बसवण्यात गेला. मग गाडी सुरू झाली, आवाज मोठा झाला, शेजारचे बघायला आले. वडखळला टायरचं दुकान असलेला त्याचा मित्र तर इतका भारावला की त्याने बॉनेटला हात लावून कपाळाला लावला. सपाटीवर गाडी पळायचीही छान. पण नागोठणं सोडून सुकेळी खिंडीचा चढ लागला आणि नवऱ्याने पाय दाबला की ती खोकायची. फट, धक्का, पुन्हा फट. मागून ट्रकवाला हॉर्न मारायचा आणि सुपरचार्जरवाले आम्ही डाव्या बाजूला सरकून त्याला वाट द्यायचो.

त्यावर उपाय म्हणून नवे प्लग आणि त्यांना वीज देणाऱ्या जास्त जोराच्या कॉइल आल्या. आणि त्यांच्याबरोबर गॅप हा शब्द घरात आला, तो पाहुण्यासारखा आला आणि जावयासारखा राहिला.

गॅप म्हणजे प्लगच्या टोकाशी असलेली बारीकशी फट. तिच्यात ठिणगी पडते, ठिणगीने पेट्रोल पेटतं. वडखळकराचं म्हणणं, फट मोठी ठेवली की ठिणगी मोठी, मग जोरही मोठा. हे दोघांनी अत्यंत गंभीर चेहऱ्याने केलं. गाडी आणखी खोकली. मग कुठेतरी वाचलं की पंपवाल्या इंजिनाचं उलटं असतं. आत हवा इतकी दाबून भरलेली असते की ठिणगीला मोठी फट ओलांडताच येत नाही, ती विझते. म्हणून फट कमी ठेवायची. हे मला पटलं. भर वाऱ्यात काडी ओढताना आपण दोन्ही तळवे जवळ आणतोच की. पण जे मला एका वाक्यात पटलं त्याच्यावर त्या दोघांनी पुढचा अख्खा हिवाळा काढला.

त्याआधी दसरा होता. आमच्याकडे खंडेनवमीला घरातली सगळी हत्यारं पाटावर मांडून पूजा करतात. माझे कुंचले, सासऱ्यांचा विळा, नवऱ्याचे पाने. ही पूजा नवरा स्वतः करतो, दुसऱ्या कुणाला करू देत नाही. त्या वर्षी नवे प्लग आणि कॉइलही पाटावर होत्या. दुसऱ्या दिवशी दसऱ्याच्या मुहूर्तावर त्या गाडीत बसल्या. नवरा मला म्हणाला, "दिवाळीपर्यंत गाडी धड करतो न् विकून टाकतो. कोलाडला माझ्या ओळखीचा एक माणूस हाय, तो घेईल. मग वखार तुझी."

हे त्याने आपणहून सांगितलं, देवासमोर, हाताला हळद लागलेली असताना. मी त्याच्यावर विश्वास ठेवला. भावाला सांगून टाकलं, दिवाळीनंतर कच्च्या मूर्ती माझ्याकडे पाठव.

कोलाडवाला खरंच होता. नदीवर शहरातल्या लोकांना रबरी बोटीत बसवून ओरडायला लावायचा त्याचा धंदा. आपल्या कॅम्पच्या दारात एक आवाज करणारी गाडी असावी एवढीच त्याची इच्छा. त्याची अटही एकच होती. "सुकेळी खिंड एकदा न खोकता चढवून आणा, मी जागेवर घेतो."

दिवाळी आली, गेली. गाडी खोकतच होती, उलट आता जास्त. आणि आमचे रविवार सुरू झाले.

नवरा रोह्याला केमिकल कंपनीत ऑपरेटर आहे. आठवडाभर शिफ्ट, कंपनीची बस, जेवण, झोप. रविवारी मात्र तो माझ्याआधी उठायचा. वखारीचं दार उघडायचा, प्लग काढून फडक्यात गुंडाळायचा, टोक तेवढं बाहेर, आणि पातळ पत्त्यांचा एक जुडगा घेऊन बसायचा. त्याला फीलर गेज म्हणतात. एकेक पत्ती फटीत घालून बघायची, घट्ट जाते की सैल. वडखळकर दहाच्या सुमारास यायचा, त्याला चहा लागायचा, मग दुसरा चहा लागायचा. पॉइंट आठ मिलीमीटर झालं, पॉइंट सात झालं, पॉइंट साडेसहा झालं. मग चर्चा प्लगवरून कॉइलवर जायची, कॉइलवरून अर्थिंगच्या वायरीवर, तिथून पेट्रोलवर. एक रविवार तर पेणचं पेट्रोल आणि नागोठण्याचं पेट्रोल यांत फरक काय यावर गेला. दोन्ही एकाच टँकरमधून येत असेल असं मी म्हटलं तर वडखळकराच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. त्यानंतर उष्णता लवकर सोडणारा थंड प्लग की धरून ठेवणारा गरम प्लग हा विषय निघाला. घरात तान्ह्या मुलाला कुंची घालायची की नाही यावर बायका बोलतात ना, अगदी त्याच सुरात.

दुपारी दोघं गाडी घेऊन खिंडीत जायचे. संध्याकाळी तोंडं पाडून परत. "अजून थोडं ट्युनिंग बाकी हाय गो," नवरा म्हणायचा आणि पोटभर जेवायचा. हे पोटभर जेवणं माझ्या तेव्हाच लक्षात यायला हवं होतं.

माझ्या कच्च्या मूर्ती भावाच्या अंगणात ताडपत्रीखाली पडून होत्या. भावजय आधी काही बोलली नाही, मग माझ्यासमोर ताडपत्रीच्या दोऱ्या जरा जोरात आवळायला लागली. मी बस पकडून हमरापूरला जायची, दुसऱ्याच्या कारखान्यात दुसऱ्याच्या गणपतीला डोळे काढायची आणि येताना माझ्या बिनरंगाच्या, बिनडोळ्यांच्या मूर्तींसमोरून मान खाली घालून यायची. संक्रांतीला मी नवऱ्याला तिळगूळ दिला आणि म्हटलं, "गाडी नीट करा नाय तर भंगारात द्या, पण वखार द्या." त्याने तिळगूळ खाल्ला आणि दुसरा मागितला.

माघात कोलाडवाल्याचा फोन आला. त्याच्याकडे दुसरी एक गाडी बघण्यात होती. येत्या रविवारपर्यंत खिंड चढली तर ठीक, नाही तर तो दुसरी घेणार. नवरा फोन ठेवून म्हणाला, "बघू." बघू! मला त्या शब्दाने जी आग लागली ती दुसऱ्या दिवशी तो पहिल्या शिफ्टला गेल्यावरही विझली नव्हती. मी कामाला गेले नाही. वखारीत गेले आणि बॉनेट उघडलं.

इतके रविवार चहा देता देता सगळं पाहून झालेलं होतं. वरची कॉइल कशी उपसायची, लांब पान्याने प्लग कसा सोडवायचा, यात काहीही विशेष नाही. विशेष आहे असं पुरुष सांगतात. मी ठरवलं होतं की ती फट मीच पॉइंट साडेपाचला आणते आणि मीच वडखळकराला बोलावून खिंडीत नेते. पहिली कॉइल उपसली, तिच्या रबरी टोपीखालून प्लग बाहेर काढला आणि उजेडात धरला.

प्लगच्या पांढऱ्या चिनीमातीवर कुंकू होतं.

तेलात कालवलेलं कुंकू, बोटाने खालून वर ओढलेलं. खालच्या लोखंडापासून पार वरच्या टोकापर्यंत उभा टिळा. आणि त्या टिळ्याच्या मधोमध केसासारखी एक काळी, जळकी रेघ. मी दुसरा काढला, तिसरा काढला, चौथा काढला. चारीही प्लग हळदीकुंकवाला जाऊन आलेले.

मी हसत सुटले. एकटीच, त्या वखारीत, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. पांढरी चिनीमाती असते ती वीज बाहेरून वाहून जाऊ नये म्हणून, हे मला त्याच दोघांनी चहाच्या बदल्यात शिकवलं होतं. चढावर आतली हवा दाबली की ठिणगीला फटीतून उडी मारणं जड जातं. मग तिला दुसरी सोपी वाट दिसली की ती तिकडून पळते. आणि सोपी वाट आमच्या ह्यांनी स्वतःच्या बोटाने काढून दिली होती, भक्तिभावाने, चारी प्लगांना. परदेशातल्या गॅपच्या गोष्टी, पॉइंट सात, पॉइंट साडेसहा, थंड प्लग, गरम प्लग, नागोठण्याचं पेट्रोल, आणि टोपीखाली हे! मला कधी एकदा तो घरी येतो आणि कधी एकदा मी हे त्याच्या तोंडावर फेकते असं झालं. वडखळकरालाही बोलवावं असं वाटलं, चहा पाजावा आणि मग दाखवावं.

प्लग वर्तमानपत्रावर ओळीने मांडले आणि मी भाताच्या उलट्या पेटीवर बसले. बसल्या बसल्या माझं हसू थांबलं.

तो दर रविवारी प्लग काढत होता. दर रविवारी हे चारी प्लग त्याच्या हातात असायचे, सकाळच्या उजेडात, तासन् तास. फट बघायची तर प्लग डोळ्याजवळ धरावा लागतो. मला जे पहिल्या नजरेत दिसलं ते त्याला इतक्या रविवारांत दिसलं नसेल?

दुपारी कंपनीची बस आली. तो मागच्या दाराने वखारीत आला, डबा हातात, आणि वर्तमानपत्राकडे बघून उभा राहिला.

"हे काय हाय?" मी विचारलं.

"प्लग."

"त्याच्यावर?"

"कुंकू." आवाज अगदी शांत.

"तुम्हाला कधीपासून माहीत हाय?"

त्याने डबा खाली ठेवला. ताकास तूर लागू द्यायचा त्याचा स्वभाव नाही, पण त्या दिवशी बोलला. "दिवाळीच्या आधीपासनं."

मग तो गाडीच्या मागे गेला, पान्यांच्या पेटीच्या तळाशी हात घातला आणि खोकी काढली. नवे कोरे चार प्लग, कागदातले, न उघडलेले. काळी रेघ दिसली त्याच आठवड्यात त्याने ते आणले होते. लावले नव्हते.

मला राग आला. मूर्ख नवरा मला चालला असता. मूर्ख नवऱ्याची मला सवय आहे, त्याच्यावर बोलता येतं, माहेरी जाऊन हसता येतं. पण हा सगळं जाणून, माझ्या डोळ्यांदेखत, दर रविवारी नीट असलेली फट पुन्हा पुन्हा मोजत बसला होता. माझ्या मूर्ती ताडपत्रीखाली ठेवून.

"का?" मी विचारलं.

"गाडी नीट झाली असती तर कोलाडवाला घेऊन गेला असता."

"त्याच्यासाठीच तर चाललंय ना हे सगळं!"

तो गाडीच्या मडगार्डवर टेकला. "कंपनीत मी काय करतो माहीत हाय तुला? स्क्रीनवरचे आकडे बघतो. एक व्हॉल्व फिरवायचा झाला तरी परमिट लागतं. सगळं दुसऱ्याने सेट केलेलं. मी हात लावायचा नाय, फक्त बघायचं. आठवडाभर तेच. रविवारी ही बिघडलेली हाय म्हणून मी उठतो गो. ही गेली की मग काय? तुला कारखाना हाय. मला काय हाय?"

मला त्याची दया आली असं लिहिलं तर खोटं होईल. मला राग होता आणि तो तसाच राहिला. पण दुसऱ्याच्या कारखान्यात फक्त डोळे काढून घरी येणाऱ्या बाईला तो काय म्हणतोय ते कळत होतं, हेही खरं.

"नवे लावा," मी म्हटलं. "आत्ता. माझ्यासमोर."

त्याने लावले. चार फटी मोजल्या, दोन किंचित ठोकून कमी केल्या, कॉइलच्या टोप्या आतून स्पिरिटने पुसल्या, बसवल्या. चहा उकळायच्या आत झालं. जे काम दिवाळीपासून संपत नव्हतं ते इतकंच होतं. मी त्याला ते बोलून दाखवलं. त्याने मान हलवली.

रविवारी वडखळकराला कळवलं नाही. आम्ही दोघंच निघालो. वडखळच्या पुढे रस्त्याचं काम चालू होतं, ते कधी नसतं ते विचारू नका. नागोठणं मागे पडलं, खिंडीचा चढ समोर आला. नवऱ्याने एकदा माझ्याकडे बघितलं आणि पाय दाबला.

गाडी खोकली नाही. पट्ट्यावरचा पंप एका सुरात ओरडायला लागला, बारीक, वर वर चढत जाणारा आवाज, आणि माझी पाठ सीटला चिकटली. पुढचा ट्रक मागे गेला. त्याच्या पुढची बस मागे गेली. नवऱ्याचे दोन्ही हात स्टिअरिंगवर होते आणि चेहऱ्यावर मी लग्नानंतर फारसा न पाहिलेला आनंद होता. तो आनंद वळणागणिक कमी व्हायला लागला, कारण खिंड संपत आली होती आणि पलीकडे उतरलं की कोलाड.

माथ्यावर त्याने वेग कमी केला.

"परत खाली घ्या," मी म्हणाले.

"काय?"

"वळवा न् खाली घ्या. पुन्हा एकदा चढवा."

वळायला जागा मिळाली तिथे वळला, खाली गेला, पुन्हा वळला, आणि आम्ही खिंड दुसऱ्यांदा चढलो. मी काच खाली केली होती. पेट्रोल वाया गेलं, आणि एरवी त्यावर मी बरंच काही बोलले असते.

कोलाडवाल्याने जागेवर गाडी घेतली. आम्ही एसटीने परत आलो. तीच खिंड एसटीने कण्हत कण्हत चढली आणि नवरा अख्खा वेळ खिडकीबाहेर बघत होता.

माझा कारखाना त्याच आठवड्यात सुरू झाला. गाडीच्या तेलाचा डाग घासून गेला नाही, त्यावर फळी मांडली. फळ्या नवऱ्यानेच ठोकल्या आणि त्या सरळ आहेत की नाही हे बघायला पातळ पत्त्यांचा तो जुडगा काढला, तेव्हा मी त्याला बाहेर घालवलं. पुढे रंग मारायचा कंप्रेसर आला. दोन दिवसांत नवरा त्याच्याकडे बघत उभा राहिला आणि यात हवा अजून जास्त कोंबता येईल, असं म्हणाला. मी सांगितलं, कंप्रेसरला हात लावलात तर याद राखा. एरवी तो रविवारी उशिरापर्यंत झोपायला लागला. मला ते हवं होतं असं मी समजत होते. सकाळी वखारीत एकटी काम करताना मी चहा दोन कप टाकायची आणि दुसरा गार व्हायचा.

गणपती झाले. माझ्या फळ्या रिकाम्या झाल्या, सगळ्या मूर्ती गेल्या, डोळे काढलेल्या, माझ्या.

खंडेनवमीला पाट मांडला. माझे कुंचले, विळा, पाने. मग नवऱ्याने खिशातून चार जुने प्लग काढले आणि पाटाच्या कडेला ओळीने ठेवले. काळ्या रेघांचे. इतके दिवस जपून ठेवलेले. त्याने कुंचल्यांच्या दांड्यांना कुंकू लावलं, विळ्याला लावलं, पान्यांना लावलं. प्लगांपाशी आल्यावर त्याचं बोट तसंच वर राहिलं.

"कुठं लावू गो?" त्याने विचारलं. माझ्याकडे न बघता.

गेल्या वर्षीच्या टिळ्याची लाली अजून त्या चिनीमातीवर होती.

"हाय तिथंच लावा," मी म्हटलं.